इझाबेटच्या नावाने

ऑरेलियाच्या धाकट्या बहिणीला जुळं झालं आणि दोन्ही पोरं जगली, ते साल १९५७. त्याच साली ईस्टरनंतर ऑरेलियाच्या भावाने, एनॉस क्वाशीने, आपल्या चौदा मेंढ्या एकदम विकल्या. ग्रेनाडाजवळच्या आमच्या लहानशा बेटावर, हिल्सबरोच्या धक्क्यावरून त्या त्रिनिदादला निघालेल्या शिडाच्या जहाजावर चढल्या. दिवस मावळायच्या आत माउंट प्लेझंट गावाच्या सगळ्या अंगणांत बातमी पोचली, की इझाबेटच्या शिळेचं जेवण यंदा होणार.

इझाबेट ही या भावंडांची आई. तिला जाऊन दहा वर्षं झाली होती. थडग्यावर बसवायची शिळा केव्हाच तयार होती. सिमेंटची, वर नाव कोरलेली ती शिळा घराखाली खांबांच्या मधे गोणपाटात गुंडाळून ठेवलेली होती. शिळा बसवायची म्हणजे सगळ्या गावाला जेवू घालायचं, ढोल वाजवायचे, जनावरं कापायची. ज्याला जेव्हा झेपेल तेव्हा तो बसवतो. कुणाची पाच वर्षांनी बसते, कुणाची वीस. तोवर गेलेलं माणूस धड निजत नाही, घरच्यांच्या स्वप्नात येऊन उभं राहतं. दोन वर्षांपूर्वीच्या जॅनेट वादळाने एनॉसच्या घराचं छप्पर नेलं, लिंबाची बाग मुळासकट नेली, पण शिळा जागची तसूभर हलली नाही. ऑरेलियाला वाटायचं, आईच धरून बसली होती.

मेंढ्या विकल्याचं कळताच ती कामाला लागली. तिच्या स्वतःच्या अकरा शेळ्या होत्या, त्या याच जेवणासाठी राखलेल्या. मोठी काहील कुणाकडून आणायची, ढोलाला कोण बसणार, भाताच्या मुदी कुणी वळायच्या, सगळं तिने मनात ठरवून टाकलं. एनॉस दोन दिवस ग्रेनाडाला गेला होता. तिला वाटलं, कापड आणि रम आणायला गेला असेल.

तो परत आला तेव्हा त्याच्याबरोबर शाळेचे बेथेल मास्तर होते, आणि हातात एक कागद होता.

"हे काय?" ऑरेलियाने विचारलं.

"कागद."

"कागद आहे ते दिसतंय मला. मेंढ्यांचे पैसे कुठायत?"

"कागदात."

मास्तरांनी खाकरून वाचून दाखवलं. इझाबेट क्वाशी शेती शिष्यवृत्ती. मेंढ्यांचे पैसे बँकेत, आणि रस्त्यालगतच्या सहा एकरांचं जे उत्पन्न येईल ते दरवर्षी त्यात. त्यातून तीन-तीन वर्षांनी बेटावरचं एक पोर त्रिनिदादच्या शेतकी शाळेत जाईल, शिकेल, आणि परत येऊन पाच वर्षं इथल्याच मातीत काम करेल. खाली एनॉसची सही होती. अक्षरं मोठाली, एकमेकांपासून फटकून उभी. ती शिकायला त्याला चार महिने लागले होते, आणि मास्तरांना त्याने फी म्हणून रोज दोन अंडी दिली होती. कोंबड्या अंडी कमी का देतात म्हणून ऑरेलिया चार महिने मुंगसाला शिव्या घालत होती.

"रस्त्यालगतचे सहा एकर?" ती म्हणाली. "म्हणजे चांगली जमीन लोकांना, आणि आपल्याला डोंगर?"

"डोंगर चांगला होईल."

"आणि आईला काय? कागद खायला घालणार तिला?"

"तिचंच नाव आहे त्यावर."

"नाव शिळेवर पण आहे! ती बघ, घराखाली पडलीय. दहा वर्षं आई उपाशी उभी आहे माझ्या स्वप्नात, हातात रिकामा तुंबा घेऊन."

"माझ्या स्वप्नात नाही येत ती."

"तू झोपतोस कधी, ती यायला?"

मास्तर टोपी घालून निघून गेले. एनॉसने कागद मक्याच्या पिठाच्या डब्यात ठेवला, कारण तो डबा वादळातही टिकला होता.

एनॉसला हे कुठून सुचलं ते ऑरेलियालाही ठाऊक होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला. ती चौदाची आणि एनॉस बाराचा असताना आईचा कापूस होता. त्या साली बोंडात गुलाबी अळी पडली. सरकारने चौकीच्या भिंतीवर एक कागद लावला, की अमुक तारखेच्या आत सगळी झाडं उपटून जाळा, नाहीतर आम्ही येऊन जाळू आणि दंड घेऊ. आई त्या भिंतीसमोरून रोज जात होती. तिला वाटलं जहाजांच्या वेळा असतील. गावात ज्याला वाचता येत होतं त्यालाही बोंडअळी म्हणजे काय ते कळत नव्हतं, आणि ज्यांना अळी कळत होती त्यांना वाचता येत नव्हतं. तारीख उलटल्यावर माणसं आली आणि वेचायला झालेल्या कापसासकट शेत पेटवून गेली. आई हात कमरेवर ठेवून बघत होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "आपला एक तरी असा हवा होता, ज्याला दोन्ही येतं."

एनॉस ते वाक्य विसरला नाही. ऑरेलियाही विसरली नव्हती. पण तिचं म्हणणं असं, की आई जिवंतपणी काय म्हणाली ते वेगळं आणि मेल्यावर मागते ते वेगळं. मेलेल्याला भूक लागते.

त्यानंतर वर्षभर ती भावाशी बोलली नाही. एकाच घरात राहून बोलायचं नाही म्हणजे मधे कुणीतरी लागतं, ते काम तिने एका लंगड्या कोंबडीला दिलं. "सांग त्याला, जेवण झाकून ठेवलंय," ती कोंबडीला सांगायची. "सांग त्याला, सदऱ्याचं बटण तुटलंय." एनॉसही कोंबडीलाच उत्तर द्यायचा, आणि कोंबडीला आदराने बाई म्हणायचा.

पहिल्या वेळेला सहा पोरं अर्ज घेऊन आली. मास्तरांनी गणितं काढली होती, एनॉसने ती बाजूला ठेवायला सांगितली. सगळ्यांना डोंगरावर नेलं आणि विचारलं, "पाऊस पडला की इथलं पाणी कुठून जातं?" पाच जणांनी खाली समुद्राकडे बोट दाखवलं. सहावी व्हायडा कजो, होड्यांच्या फटी बुजवणाऱ्या कजोची थोरली. ती गुडघ्यांवर बसली, दगडाखाली बोट घालून माती चाचपली आणि म्हणाली, "पाणी इथून जातं, पापा एनॉस. पण नुसतं जात नाही. माती घेऊन जातं. हे दगड आधी वर नव्हते, जमिनीत होते."

"जा," एनॉस म्हणाला, "पेटी बांध."

व्हायडा तीन वर्षं गेली. तिची पत्रं यायची. पहिली एनॉसने मास्तरांकडून वाचून घेतली, मग शब्दाशब्दाला अडत स्वतः वाचू लागला. ओट्यावर बसून तो मोठ्याने वाचायचा, आणि ऑरेलिया आत भांडी घासताना मुद्दाम आवाज कमी करायची. एकदा तो एका शब्दाशी बराच वेळ अडून बसला, तेव्हा आतून आवाज आला, "अरे, वाळा असेल! पुढं काय म्हणते पोरगी ते वाच." कोंबडीशिवाय बोललेलं ते पहिलं वाक्य. दोघांनीही ते मनावर घेतलं नाही असं दाखवलं.

१९६१ साली व्हायडा परत आली. पावसाच्या तोंडावर तिने एनॉसच्या डोंगरावर उताराला आडव्या ओळी आखल्या, त्यांत माती धरून ठेवायला वाळ्याचं गवत लावलं. ओळींच्या मधे लिंबाची तीनशे रोपं, आणि प्रत्येक रोपाच्या वाऱ्याच्या बाजूला गिरिपुष्पाची फांदी. एनॉस साठीला टेकला होता, तरी खड्डे त्यानेच खणले. रोपं जगली. पण एक अडचण होती.

आमच्याकडे पिकं उभी असतात तोवर प्रत्येकाची जनावरं मेखेला बांधलेली असतात. मका झाला, शेवटची तूर तोडली, की दावी सोडतात. मग पाऊस येईपर्यंत शेळ्या-मेंढ्या सगळ्या बेटावर मोकाट फिरतात, कुणाच्याही रानात चरतात. याला सोडणी म्हणतात. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं आहे. त्या दिवसांत हिरवं म्हणून जे दिसेल ते शेळीचं.

व्हायडाचं म्हणणं, निदान दोन वर्षं डोंगराच्या या बाजूला सोडणी नको. एनॉस घरोघर गेला. शेजारी सिप्रियन मोठ्याने हसला.

"म्हणजे पापा एनॉस, मेंढ्या विकल्यास, आईची शिळा ठेवलीस घराखाली, पोरीला तीन वर्षं त्रिनिदादला बसवलीस, आणि ती शिकून काय आली? तर शेळी बांधून ठेवा! हे तर माझी आजी फुकटात सांगायची."

"तू ऐकायचास का आजीचं?"

"नाही."

"मग आता ऐक."

सिप्रियनने ऐकलं. बाकीच्यांनीही कुरकुरत ऐकलं, कारण वादळानंतर प्रत्येकाच्या छपराला एनॉसचा हात लागला होता.

फेब्रुवारीत एका मंगळवारी ऑरेलिया तुरीची शेवटची टोपली डोक्यावर घेऊन घरी आली. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला तेव्हा सोडणी चालली होती. पोरं ओरडत होती, "सुटल्या! सुटल्या!" ऑरेलियाने टोपली पायरीवर ठेवली, घागऱ्याला हात पुसले, खाली मेखांपाशी गेली आणि एकामागून एक अकरा गाठी सोडल्या. दरवर्षी म्हणायची तेच म्हणाली, "जा बायांनो, रान देवाचं आहे." मग घरात येऊन तूर सोलत बसली. चाळीस वर्षं ती शेवटच्या टोपलीनंतर हेच करत आली होती.

अर्धी तूर सोलून झाल्यावर तिचे हात थांबले.

ती डोंगर चढून गेली तेव्हा शेळ्या तिसऱ्या ओळीत होत्या. दोनशेच्या वर रोपांचे नुसते बुडखे राहिले होते. व्हायडा त्या बुडख्यांमधे उकिडवी बसली होती. एनॉस एकेका शेळीला धरून दावं घालत होता.

"टँटी," गावातली पोरं मावशीला म्हणतात तसं व्हायडा म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलंत?"

ऑरेलियाला पटकन नाही म्हणता आलं असतं. पण तिने आधी स्वतःलाच विचारून पाहिलं.

"हातांनी झालं गं," ती म्हणाली. "मनात होतं की नव्हतं, ते मला सांगता येत नाही."

"सगळं गाव म्हणेल तुम्ही मुद्दाम केलंत."

"म्हणू दे. मी पण तेच म्हणतेय."

व्हायडाच्या पेटीत एक पत्र होतं. त्रिनिदादच्या एका मोठ्या मळ्यावर तिला काम देऊ केलेलं होतं, शनिवारी जहाज होतं. ते तिने संध्याकाळी एनॉसला दाखवलं. तो आता बरं वाचू लागला होता, तरी त्याने ते दोनदा वाचलं.

"कागदात पाच वर्षं लिहिलंय," तो म्हणाला. "पण माणसाला मेखेला बांधून ठेवायचं नसतं. तुला जायचं तर जा. मी दुसऱ्या पोराला पाठवीन. माझं काम थांबणार नाही."

"पापा एनॉस, परत लावली तरी पुढच्या सोडणीला तेच होईल. टँटींच्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या शेळ्या. कुंपण नसेल तर लावण्यात काही अर्थ नाही. आणि एवढ्या डोंगराला कुंपण कोण घालणार?"

एनॉस म्हणाला, "मी सुरुवात करतो," आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच खरंच डोंगराच्या पायथ्याशी जाऊन दगडावर दगड ठेवू लागला. साठीला टेकलेला म्हातारा, एकटा. दुपारपर्यंत एका माणसाने आडवं पडावं एवढी भिंत झाली.

ऑरेलिया खिडकीतून बघत होती. पोरगी गेली तर काय होईल ते तिला स्वच्छ दिसत होतं. गाव हसेल. पुढचा अर्ज घेऊन कुणी येणार नाही. मेंढ्या गेल्या त्या गेल्याच. आईला शिळाही मिळणार नाही आणि तिने मागितलेलं माणूसही नाही. तुंबा रिकामा तो रिकामाच, आणि त्याला कारण मी.

तिने डोक्याला रुमाल बांधला आणि निघाली. पहिलं घर सिप्रियनचं.

"शुक्रवारी इर्जिक आहे," ती दारातूनच म्हणाली. "डोंगराला दगडी कुंपण घालायचंय. सगळ्यांनी यायचं. जेवण माझं."

"तुझं? काय घालणार आहेस जेवायला?"

"शेळी."

"कुठल्या शेळ्या?"

"ज्यांनी खाल्लं त्याच."

सिप्रियनचं हसू मावळलं. त्या शेळ्या कशासाठी राखल्या होत्या ते साऱ्या गावाला माहीत होतं.

"रेली, त्या आईच्या शेळ्या आहेत."

"मग आईच्याच कामाला येतायत. आणि ऐक, तुमच्या लिंबाखाली रोपं उगवलीत ना? दहा उपट, डब्यात लाव, धुण्याभांड्याचं पाणी घाल पावसापर्यंत. मेली तर मला तोंड दाखवू नकोस."

"आणि तू सोडलेल्या शेळ्यांनी खाल्लेली रोपं मी का पोसू?"

"कारण वादळानंतर सात दिवस तू आमच्या घराखाली निजला होतास, आणि घोरत होतास. मी एकदा तरी बोलले का?"

ती छत्तीस घरं फिरली. प्रत्येक घरात तिने आधी स्वतःच सांगितलं, की शेळ्या मी सोडल्या. लोकांना मग मागून बोलायला काही उरलं नाही.

पहिल्या शुक्रवारी चाळीसेक माणसं आली. बायका टोपल्यांतून दगड वाहत होत्या, पुरुष रचत होते, आणि सिप्रियन शंख फुंकून सगळ्यांना हुकूम सोडत होता आणि स्वतः काही उचलत नव्हता. ऑरेलियाने चार शेळ्या बाजूला बांधल्या. कापायच्या आधी तिने जमिनीवर पाणी शिंपडलं, मग रम शिंपडली, जशी शिळेच्या जेवणाला शिंपडतात, आणि आईचं नाव घेतलं. मक्याच्या पिठाचे गोळे, भाताच्या मुदी, तूर आणि मटण असं पहिलं ताट वाढलं, ते कुणाला दिलं नाही. नव्या भिंतीवर ठेवलं. आईबापांचं ताट ते, त्याला कुणी हात लावत नाही.

"म्हणजे हे शिळेचंच जेवण झालं की," सिप्रियन म्हणाला.

"नाही. शिळेचं बाकी आहे," ऑरेलिया म्हणाली. "हे कामाचं. उचल तो दगड."

तीन शुक्रवार इर्जिक चाललं आणि अकराच्या अकरा शेळ्या संपल्या. व्हायडा त्यातल्या पहिल्या शुक्रवारी आली, कारण न येणं वाईट दिसलं असतं. दुसऱ्या दिवशी शनिवारी ऑरेलिया सकाळी डोंगरावर गेली, तर व्हायडा तिथे होती. एनॉस दगड रचत होता आणि ती त्याला खालून दगड देत होती. हिल्सबरोच्या बाजूने जहाजाचं शीड वर आलं, वारा भरला, आणि ते दक्षिणेला निघालं. व्हायडा त्याच्याकडे बघत राहिली. एनॉसने मान वर केली नाही. हात तेवढा मागे पसरून ठेवला. थोड्या वेळाने व्हायडाने त्यात दगड दिला.

"हा नको," तो म्हणाला, "चपटा दे."

ईस्टरच्या आधी कुंपण पुरं झालं. पाऊस आला तेव्हा माउंट प्लेझंटच्या अंगणांतून डब्यांतली तीनशे चाळीस रोपं डोंगरावर आली. सिप्रियनची दहाच्या दहा जगली होती, आणि ते तो मरेपर्यंत सांगत राहिला. जुन्या बुडख्यांपैकी साठ-सत्तर पुन्हा फुटले. सोडणीच्या दिवसांत शेळ्या भिंतीला अंग घासून जायच्या आणि ऑरेलिया त्यांना आतून शिव्या घालायची.

व्हायडा पाच वर्षांसाठी राहिली होती, ती अकरा वर्षं राहिली. तिच्यानंतर शेतकी शाळेत गेलेला मुलगा परत आला नाही. एनॉस दोन दिवस भिंतीचे सुटलेले दगड बसवत राहिला, तिसऱ्या दिवशी मास्तरांना म्हणाला, "पुढचे अर्ज कधी काढायचे?" पुढची दोघं परत आली.

डोंगरावरचं लिंबू १९६७ साली भरात आलं. त्याच्या पैशांतून १९६८ च्या मे महिन्यात इझाबेटची शिळा बसली. शेळ्या विकत आणाव्या लागल्या. ढोल वाजले, आईचं ताट वाढलं, आणि ऑरेलिया सदुसष्ट वर्षांची असून नाचली. त्यानंतर आई तिच्या स्वप्नात आली नाही. तिला थोडं चुकल्यासारखं वाटायचं, पण तिने ते कुणाला सांगितलं नाही.

एनॉसने स्वतःची शिळा करून घेतली होती, आणि बजावून ठेवलं होतं, की पोर पाठवायचं वर्ष असेल तर आधी पोर, मग शिळा. ऑरेलिया म्हणाली होती, "आणि तू माझ्या स्वप्नात येऊन उभा राहिलास तर?"

"तर मला दगड वाहायला लाव."

एनॉस क्वाशी ९ मार्च १९७० रोजी, सोडणीच्या दिवसांत, सकाळी आपल्या घरी वारला. ते पोर पाठवायचं वर्ष होतं. त्याची शिळा घराखाली आहे.